क्रँकवरचे कुंकू

माझ्या जावयाची गाडी दोराने ओढत आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी आणली गेली, त्या सकाळी मला तिची दया आली नाही. ती गाडी मला कधीच आवडली नव्हती. पांढरी, सात आसनांची, डिझेलवर चालणारी. चाकणच्या एका कारखान्यातल्या माणसांना शिफ्टला नेणे आणि परत आणणे एवढेच तिचे काम. माझी मुलगी त्याच कारखान्यात तपासणी विभागात नोकरीला होती. चिंचवडच्या नाक्यावरून ती रोज या गाडीत बसत असे, पुढे, चालकाशेजारी. त्या चालकाशी तिने लग्न केले. मला सांगण्यात आले ते सर्व ठरल्यानंतर.

लग्नाला मी गेलो. अक्षता टाकल्या आणि पंगतीला न थांबता परतलो. पुढे जावई सणावारी आमच्याकडे येई, जेवे, सुपारी घेई आणि जाई. मी त्याला ‘जावईबापू’ म्हणत असे, तो मला ‘मामा’ म्हणत असे. जावयाला अहोजाहो करायचे ही आमच्याकडची रीत मी कधी मोडली नाही. तिचा एक उपयोग असा, की एखाद्याशी बोलायची इच्छा नसली तरी बोलता येते.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिनाच्या ब्लॉकना बोअर मारण्याच्या विभागात उमेदवार म्हणून लागलो आणि फोरमन म्हणून निवृत्त झालो. ब्लॉक म्हणजे इंजिनाचे धड. त्यातल्या ज्या गोल विहिरींत पिस्टन वरखाली होतात, ते बोअर. त्यांची गोलाई नीट आहे की नाही, हे पाहण्यात माझे आयुष्य गेले. मुलीला हे ठाऊक होते, म्हणून तिने आदल्या संध्याकाळी फोन केला.

“अण्णा, गाडी मोशीच्या पुढं बंद पडली. एकदा बघाल का?”

“त्यांनी विचारावे.”

“ते नाही विचारणार.”

“मग मी नाही बघणार.”

“मी विचारतेय,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. हट्ट तिने माझ्याकडूनच घेतला आहे.

सकाळी जावई आणि त्याचा थोरला भाऊ आले. भावाचा टेम्पो पुढे, गाडी मागे. मी जावयाला इंजिन सुरू करायला सांगितले. बऱ्याच कुरकुरीनंतर ते सुरू झाले. मी ऑइल भरायचे झाकण काढले. तिथून धूर झटक्या-झटक्यांनी बाहेर येऊ लागला. याला गॅरेजवाले बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. पिस्टनच्या रिंगा आणि बोअर झिजले की वरचा दाब खाली निसटतो आणि इंजिनाच्या पोटात शिरतो. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, काढली. तिच्या टोकाला जे लागले होते ते ऑइल म्हणण्याच्या लायकीचे नव्हते.

“ऑइल केव्हा बदलले होते?”

“बदललं की.”

“केव्हा?”

“गणपतीच्या आधी.”

“कोणत्या वर्षीच्या?”

थोरला भाऊ हसला. जावई हसला नाही.

“मामा, गाडी मीटरवर पाच लाखाच्या पुढं गेलीय. बसून खाल्लेलं न्हाई तिनं.”

“तिने खाल्लेले नाही, हे दिसतेच आहे,” मी म्हणालो.

त्याचे काय पणाला लागले होते ते मला भावाकडून कळले. ज्या ठेकेदाराकडे कारखान्याच्या गाड्यांचे काम होते, त्याने जावयाला दसऱ्यापर्यंत सवलत दिली होती. तोवर भावाच्या ओळखीची एक गाडी बदलीवर धावणार होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला जावयाची स्वतःची गाडी कारखान्याच्या फाटकात उभी राहिली नाही, तर ती लाइन, म्हणजे तो ठरलेला मार्ग, दुसऱ्याला मिळणार होती. त्याच्याकडे दुसरे काम नव्हते. माझ्या मुलीची नोकरी बाळंतपणात सुटली होती.

गाडी भोसरीत एका मिस्त्रीच्या गॅरेजात नेली. मिस्त्री बीडकडचा, हाताला हलका, बोलण्यात गोड, आणि म्हणूनच मला त्याचा भरवसा वाटत नव्हता. तिथे आम्ही चौघे इंजिनाभोवती उभे राहिलो.

थोरल्या भावाचे मत गॅसचे होते. “सीएनजी करून टाका राव. डिझेलची कटकटच नको. माझ्या मित्रानं केलंय, मस्त पळती.”

“त्याची गाडी पेट्रोलची असेल,” मी म्हणालो. “ही डिझेलची आहे. हिचे डोके, म्हणजे हेड, बदलावे लागेल, स्पार्क प्लग बसवावे लागतील, वरून परवानगी. एवढे करून बोअर झिजलेले ते झिजलेलेच राहणार. आज धूर निसटतो, उद्या गॅस निसटेल.”

“मामांना सगळ्यात खोटच दिसती,” भाऊ म्हणाला.

“त्याचाच मला पगार मिळत असे.”

जावयाला दुसरे इंजिन हवे होते. अपघातात चेपलेल्या गाडीचे उतरवलेले. तळवड्याला एका व्यापाऱ्याकडे त्याने ते पाहूनही ठेवले होते. “जुनं काढायचं, हे टाकायचं. दोन दिसांत गाडी रोडवर.”

“त्या इंजिनाने आजवर काय सोसले आहे, ते तुम्हांला ठाऊक आहे?”

“माणसाचं तरी कुठं ठाऊक असतं, मामा? तुमी तरी मला कुठं तपासून पोरगी दिली?”

“मी दिली नाही.”

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला आणि चहा सांगायला निघून गेला.

तरी मी जावई आणि त्याच्या भावाबरोबर टेम्पोतून तळवड्याला गेलो. व्यापाऱ्याने इंजिन एका लोखंडी चौकटीवर बांधून सुरू केले. “काका, ऐका. शिलाई मशिन आहे शिलाई मशिन.” आवाज खरोखर मऊ होता. मी झाकण काढून बोट बुडवले. आतले ऑइल काकवीसारखे दाट होते. झिजलेल्या इंजिनाचा आवाज दाबायचा असला की असे दाट ऑइल ओततात. मग मी ब्लॉकच्या कडेला हात फिरवला. जिथे इंजिनाचा क्रमांक असतो तिथे कानस मारलेली होती.

“क्रमांक कुठे आहे?”

“काका, ते पंच करून देतो ना आपण. कुणाला कळत नाही.”

मी जावयाकडे पाहिले. कारखान्याच्या फाटकावर गाडीची कागदपत्रे पाहतात, विमा कंपनीही पाहते, आणि चोरीचे इंजिन सापडले तर चालक कुठे जातो हे सांगण्याची गरज नव्हती. तो टेम्पोकडे चालू लागला. परत येताना टेम्पोत तो मधे बसला होता. भोसरीचा पूल उतरल्यावर म्हणाला, “तुमाला ही गाडी भंगारात गेलेली पाहिजे, मामा. सरळ सांगा की.”

“होय,” मी म्हणालो. “पण मला विचारले आहे ते इंजिनाबद्दल.”

दुसऱ्या दिवशी इंजिन उतरवून सुटे केले. मी माझे बोअर गेज घेऊन गेलो होतो. निवृत्त होताना विकत घेतलेले माझे स्वतःचे. प्रत्येक बोअर वर, मधे आणि खाली मोजला. आडवा मोजला, उभा मोजला. झीज होती, परंतु सरळ होती. पुढच्या मापाचे पिस्टन घेऊन बोअर मारला की ब्लॉक पुन्हा नव्यासारखा होणार होता. कुठे तडा नव्हता. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या धक्क्यांनी फिरणारा मुख्य दांडा, ग्राइंडिंगवर निभावण्यासारखा होता. ब्लॉक चांगला ओतलेला होता. हे सांगताना मला आनंद झाला नाही.

“हेच इंजिन बांधायचे,” मी म्हणालो.

“दसऱ्याच्या आत?” जावयाने मिस्त्रीला विचारले.

“व्हतंय की. बोअरिंगवाल्यानं येळेत दिलं तर,” मिस्त्री म्हणाला.

“मी देववतो,” मी म्हणालो. “पण माझ्या अटी आहेत. माझ्या मापाशिवाय एकही भाग आत जाणार नाही.”

जावई म्हणाला, “गाडी माझी हाय.”

“गाडी तुमची. माप माझे.”

त्याने मान्य केले, कारण त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. मला तेच बरे वाटले.

पुढचे दिवस मी रोज भोसरीला जात असे. बोअरिंगवाल्याच्या दारात बसून राहण्याचा मला कंटाळा नाही. माझ्या बसण्याचा त्याला येत असे. एक बोअर मला कडेला किंचित जास्त वाटला, तेव्हा मी त्याला पुन्हा मशिन लावायला सांगितले. “काका, एवढं विमानालापण बघत नाहीत,” तो म्हणाला. “म्हणून मी विमानात बसत नाही,” मी म्हणालो. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ब्लॉक आणि क्रँक तयार झाले. साबणाच्या गरम पाण्याने ते माझ्या डोळ्यांदेखत धुतले, हवा मारून सुकवले, ऑइलचा हात फिरवला आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले. गॅरेजात फळीवर ठेवून मी मिस्त्रीला बजावले, “हे कुणी उघडायचे नाही.”

“न्हाई उघडत, काका.”

खंडेनवमीला आमच्या पट्ट्यात कुणी यंत्राला काम लावत नाही. हत्यारे धुवायची, यंत्रे पुसायची, झेंडूच्या माळा घालायच्या, पूजा करायची आणि घरी जायचे. आमच्या कारखान्यातही हीच रीत होती. काम नव्हते, म्हणून त्या दिवशी मी भोसरीला गेलो नाही. दसऱ्याला मिस्त्री काम सुरू करणार होता. मुहूर्ताचा दिवस, नाही म्हणायचे नाही, असे तो म्हणाला होता.

दसऱ्याला सकाळी मी गॅरेजात शिरलो, तेव्हा पान्यांच्या फळीवर माळा होत्या, जॅकवर माळ होती, दारात नारळाची करवंटी पडली होती. जावई आधीच आला होता. मिस्त्री फडक्याने ब्लॉक पुसत होता. प्लॅस्टिक बाजूला घडी करून ठेवलेले होते.

“हे कुणी उघडले?”

“पूजेला उघडलं, काका. झाकलेल्याची पूजा कशी करावी?”

“कुणी केली पूजा?”

“यांच्या मातोश्री आल्त्या गावाकडनं,” मिस्त्री जावयाकडे हात करून म्हणाला. “लई मनापासून केली. मी आता समदं पुसून घेतलंय. बसवायला सुरू करू?”

मी क्रँककडे वाकलो. फडके फिरले होते हे खरे. क्रँकच्या चकचकीत गोल भागांवर ऑइल जाण्यासाठी एक-एक भोक असते. आत तिरपी वाट असते, ती पुढच्या भोकाला मिळते. विहीणबाईंना ती भोके दिसली असणार. गोल, गुळगुळीत धातू आणि त्याच्या मधोमध एक बारीक खड्डा: टिकली लावायला याहून योग्य जागा त्यांना कोणती वाटणार? त्यांनी प्रत्येक भोकावर कुंकू लावले होते, आणि करंगळीशेजारच्या बोटाने चांगले दाबून लावले होते. वरचे पुसले गेले होते. आतले आत होते.

मी एक बारीक तार मागितली. ती भोकात घालून बाहेर काढली. तारेच्या टोकाला लाल चिखल होता. ऑइल आणि कुंकू. ब्लॉकच्या तळाशी अक्षता होत्या, आणि नारळाचे पाणी शिंपडल्याने एका बोअरच्या काठावर गंजाची तांबूस छटा आली होती.

“सगळे पुन्हा धुवावे लागेल,” मी म्हणालो.

“सगळं?” जावई म्हणाला.

“सगळे. क्रँक, ब्लॉक, प्रत्येक वाट. गरम पाणी, साबण, ब्रश, हवा. सुकवायचे. मग बांधायला घ्यायचे.”

“मग उद्या सकाळी गाडी कशी निघायची?”

“ते मला ठाऊक नाही.”

तो माझ्या समोर येऊन उभा राहिला. त्याला मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते.

“मामा, माझ्या आईचं कुंकू तुमाला घाण वाटतं?”

“बेअरिंगला वाटते.”

“एवढंसं कुंकू! काय व्हणार हाय त्यानं?”

“ऑइलबरोबर ते बेअरिंगमध्ये जाईल. बेअरिंग मऊ धातूचे असते. ते खरवडले जाईल. मग एके दिवशी पूर्ण भरलेली गाडी चढावर असताना क्रँक जाम होईल. तेव्हा आत बसलेले लोक कुंकू कुणाचे होते ते विचारणार नाहीत.”

“तुमी पयल्यापासून हेच बघताय. लाइन जाऊ दे, पोरगी परत येऊ दे. व्हय का न्हाई?”

मी उत्तर दिले नाही. त्याने ते उत्तरच धरले. मिस्त्रीकडे वळून म्हणाला, “बसवा तुमी. गाडी माझी हाय.”

मिस्त्री माझ्याकडे पाहू लागला. “काका, मालक ते हायत. मी काय करू?”

क्रँक ब्लॉकमध्ये धरून ठेवणारे बोल्ट रॉकेलच्या थाळीत निथळत ठेवलेले होते. मी रुमाल काढला, सगळे बोल्ट त्यात घेतले, गाठ मारली, सदऱ्याच्या खिशात टाकले आणि बाहेर येऊन दारातल्या बाकावर बसलो. सदरा भिजला. त्यांच्या मापाचे बोल्ट दसऱ्याच्या दिवशी भोसरीत कुणाकडे मिळणार नव्हते. दुकाने बंद होती.

जावई बाहेर आला. आजूबाजूच्या गॅरेजांतली माणसे आपापल्या दारांत आली.

“बोल्ट द्या.”

“धुतल्यावर.”

“ह्याला चोरी म्हणतात, मामा.”

“म्हणा.”

“लोकं बघायल्यात. सासरा जावयाचे बोल्ट घेऊन बसलाय.”

“बघू द्या. सणाला त्यांनाही काही हवे.”

पलीकडच्या एका पत्र्याच्या शेडमधून कुणीतरी ओरडले, “भाऊ, पाया पडून बघ, सोनं देऊन बघ!” हशा झाला. जावयाचा चेहरा उतरला. त्याने मला हात लावला नाही. मला वाटले होते, लावील.

त्याने फोन लावला. भावाला असेल असे मला वाटले. परंतु तासाभराने टेम्पोतून विहीणबाई उतरल्या. नवी हिरवी साडी, हातात सोन्याच्या पानांची पिशवी. लग्नानंतर आम्ही समोरासमोर आलो नव्हतो. त्यांनी पदर सारखा केला. मी उठून उभा राहिलो. तेवढे मला करावेच लागले.

“पाव्हणं, आमच्या दारात तुमी कधी आला न्हाई,” त्या म्हणाल्या. “आन हितं आमच्या पोराचं काम अडवून बसलाय व्हय?”

“विहीणबाई, काम मी अडवलेले नाही.”

“मग माझ्या कुकवानं अडलंय?”

जावई म्हणाला, “आई, तू ह्यात बोलू नको.”

“का न्हाई? पूजा मी केली.” त्या माझ्याकडे वळल्या. “काय झालं ते मला सांगा. नीट सांगा, मी अडाणी असले तरी भैरी न्हाई.”

मी त्यांना आत नेले. क्रँक दाखवला. भोके दाखवली. तार पुन्हा घातली आणि काढली. ऑइल कुठून निघते, कुठे जाते आणि ते तिथे पोचले नाही तर काय होते, एवढेच सांगितले. त्यांनी तारेचे टोक बोटावर पुसून पाहिले.

“आमी बैलाला पोळ्याला कुकू लावतो,” त्या म्हणाल्या. “कपाळाला लावतो. डोळ्यात न्हाई घालत.”

त्यांनी बोट फडक्याला पुसले आणि माझ्याकडे पाहिले.

“ह्याचं कपाळ कंचं आन डोळं कंचं, हे आदी सांगायला काय झालतं तुमाला? रोज येऊन बसत व्हता म्हनं हितं. सूनबाईनं सांगितलं. पोराला एक शब्द सांगितला असता, आईला सांग म्हणून.”

“हे प्लॅस्टिक उघडायचे नाही, असे मी सांगितले होते.”

“आमाला न्हाई सांगितलं. मिस्त्रीला सांगितलं.” मग त्या मुलाला म्हणाल्या, “धू.”

“आई, उद्या सकाळची शिफ्ट...”

“माझ्या हातचं कुकू लावून गाडी घाटात बंद पाडायची हाय का तुला? माणसं बसत्यात तिच्यात. धू म्हणले ना.”

मी खिशातला रुमाल काढून फळीवर ठेवला.

पाणी तापवले. जावयाने ब्रश घेतला. मी सांगत गेलो, तो करत गेला. एकदाही त्याने माझ्याकडे पाहिले नाही. क्रँकच्या वाटांत साबणाचे पाणी सोडले आणि मिस्त्रीने हवा मारली, तेव्हा दुसऱ्या टोकातून ट्रेमध्ये लाल धार पडली. थोडीच होती. पण त्या पांढऱ्या फेसात ती स्पष्ट दिसली. जावयाने ती पाहिली. त्याने पाहिली हे मी पाहिले. मग त्याने ट्रे उचलून गटारात रिकामा केला.

सुकेपर्यंत ऊन कलले. बोअरवरची तांबूस छटा मी स्वतः घासून काढली आणि पुन्हा माप घेतले. क्रँक बसवून बोल्ट कसले, पिस्टन आत गेले. हेड बसवायचे राहिले, तेव्हा मिस्त्रीने हात धुतले. “काका, आता घरी जाऊ द्या. सोनं वाटायचंय, लेकरं वाट बघायलेत.” त्याला थांबवण्याचा अधिकार कुणाला नव्हता. जावयाने हातातले फडके खाली ठेवले. तो बाकावर बसून राहिला, कोपरापर्यंत काळे झालेले हात गुडघ्यांवर ठेवून.

विहीणबाई दिवसभर तिथेच होत्या. निघताना त्यांनी पिशवीतून आपट्याचे पान काढून माझ्यापुढे धरले. “घ्या सोनं, पाव्हणं.” मी घेतले आणि खिशात ठेवले. खिशाला रॉकेलचा वास येत होता. जावई उठला नाही. त्याने सोने दिले नाही, मी अपेक्षिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला त्याची गाडी कारखान्याच्या फाटकात नव्हती. दुपारी ती सुरू झाली, पहिल्याच झटक्यात. झाकण काढून मी पाहिले, धूर नव्हता. तोपर्यंत लाइन दुसऱ्याला दिलेली होती. ठेकेदाराने फोनवर एवढेच सांगितले आणि बोलणे संपवले. जावयाने किल्ली फिरवून इंजिन बंद केले आणि मला म्हणाला, “झालं तुमच्या मनासारखं?”

मी बोअर गेज पेटीत घातले आणि बस धरून घरी आलो.

पुढे त्याला काम मिळाले, परंतु पहिल्यासारखे नाही. आता तो देहूरोडवरून माणसे उचलतो, तळेगावकडच्या एका लहान कारखान्यात सोडतो. दोन शिफ्टच्या मधे तास न् तास गाडीतच बसून काढावे लागतात, असे मुलगी सांगते. ती हेही सांगते, की तो घरात सर्वांना सांगतो: तेवढ्या कुंकवाने काही झाले नसते, म्हाताऱ्याने हट्टापायी लाइन घालवली. कुंकू आत राहिले असते तर काय झाले असते, हे दाखवायला आता माझ्याकडे काहीही नाही. ट्रे त्याने गटारात ओतला.

यंदाच्या खंडेनवमीला सकाळी खाली हॉर्न वाजला. मी गॅलरीतून पाहिले. तीच पांढरी गाडी फाटकापाशी उभी होती, इंजिन चालू. विहीणबाई मागच्या आसनावर ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी खाली गेलो. जावई उतरला, त्याने बॉनेट उघडले आणि बाजूला होऊन फाटकाकडे तोंड करून उभा राहिला.

“बंद कर की ते,” विहीणबाई ताट घेऊन उतरत त्याला म्हणाल्या. त्याने इंजिन बंद केले.

“कपाळ कुठं, पाव्हणं?”

मी रेडिएटरच्या वरची आडवी पट्टी दाखवली. त्यांनी तिथे हळद लावली, कुंकू लावले, फूल ठेवले. अक्षता टाकताना थांबल्या आणि माझ्याकडे पाहिले. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी अक्षता पुढच्या चाकापाशी टाकल्या.

जावई अजूनही फाटकाकडेच पाहत होता. “आई म्हणली म्हणून आलो,” तो म्हणाला. “न्हाईतर आलो नसतो.”

“ठाऊक आहे.”

“लाइन गेली ती गेलीच, मामा.”

“ऑइल बदलले का?”

“तुमाला काय करायचंय?”

मी वाकून डिपस्टिक काढली, खिशातल्या रुमालाने पुसली, पुन्हा आत घातली आणि काढली. ऑइल वरच्या खुणेला होते. तुपासारखे स्वच्छ. नुकतेच बदललेले.

मी डिपस्टिक जागेवर दाबून बसवली आणि वर निघून आलो.